वाट तिची, पाऊल दुसऱ्यांचे

मुलींसाठी स्पर्धाच नाही म्हणून मुलांच्या रांगेत जाऊन उभी राहिलेली एक मुलगी. तिच्या चिकाटीमुळे बर्फावरचा एक खेळ ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला. पण ऑलिम्पिकचा तो दिवस उजाडला, तेव्हा ती या जगात नव्हती. कॅनडाच्या सारा बर्कची ही हकिकत खेळाडूंइतकीच त्यांच्या आईवडिलांनीही वाचावी अशी आहे.

भिलाईच्या वैशाली नगरात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर चढतो. तेव्हा बर्फ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती रसवंतीवर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी, नाहीतर मुलांच्या हातातला रंगीत गोळा. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने येऊन या गावात रुजलेली मराठी कुटुंबे काय किंवा नागपूर-अमरावतीकडचे त्यांचे नातेवाईक काय, पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ त्यांना दिसतो तो दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. कोणी काश्मीरला जाऊन आले असेल, तर गुलमर्गला दोनचार वेळा आपटी खाल्ल्याचा तेवढा अनुभव.

मग हजारो मैलांवरच्या एका स्कीपटूची गोष्ट आपण का वाचावी? कारण घरातली मुलगी ‘मलाही खेळायचे आहे’ म्हणते आणि समोरून ‘मुलींची सोय नाही’ असे उत्तर येते, हा प्रसंग आपल्याकडच्या पुष्कळ घरांनी पाहिलेला आहे. साराने त्या उत्तराचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. आणि खेळाडूला दुखापत झाली की खर्च कोणाच्या माथी येतो, हा प्रश्नही तिच्या मृत्यूने सर्वांपुढे उभा केला. तो प्रश्न तर आपल्या अगदी दारातला आहे.

चिरलेल्या पाइपातला खेळ

साराच्या खेळाचे नाव हाफपाइप. नव्या वसाहतीत रस्त्याच्या कडेला सिमेंटचे मोठे पाइप पडलेले असतात. त्यातला एक पाइप लांबीने मधोमध चिरून अर्धा भाग उताणा ठेवला, तर जशी पन्हळ तयार होईल, तशी बर्फाची एक प्रचंड पन्हळ डोंगराच्या उतारावर तयार करतात. मोठ्या स्पर्धांमध्ये तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंती २२ फूट, म्हणजे साधारण दोन मजली घराएवढ्या उंच असतात. बर्फ भुसभुशीत नसतो, चांगला कडक असतो.

खेळाडू वरून वेगाने आत उतरतो, एका भिंतीवर चढतो, काठावरून हवेत उसळतो, तिथे गिरक्या आणि कोलांट्या घेतो आणि त्याच भिंतीवर पुन्हा टेकून समोरच्या भिंतीकडे झेपावतो. असे खालपर्यंत जाताना पाचसहा उड्या होतात. उडीची उंची, कसरतीची अवघडता, त्यातले वैविध्य आणि सफाई पाहून पंच शंभरपैकी गुण देतात. पूर्ण एक गिरकी म्हणजे ३६० अंश. त्यामुळे खेळाडू ‘७२०’ म्हणतो तेव्हा दोन गिरक्या, ‘९००’ म्हणतो तेव्हा अडीच आणि ‘१०८०’ म्हणतो तेव्हा तीन गिरक्या असा अर्थ होतो.

हवेत असताना खेळाडू पन्हळीच्या तळापासून तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर असतो. तिथून अंदाज चुकला, तर खाली झेलायला काही नसते. म्हणून नवी कसरत आधी उसळपटावर, मग हवा भरलेल्या मोठ्या गादीवर घोटून घेतात आणि नंतरच बर्फावर आणतात.

‘मुलींची स्पर्धा नाही’

सारा बर्कचा जन्म ३ सप्टेंबर १९८२चा, कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील बॅरी या गावचा. ती वाढली जवळच्याच मिडलंड या लहान गावात. आईवडील दोघेही कलावंत. थंड प्रदेशातल्या मुलांप्रमाणे सारा लहानपणीच स्कीवर उभी राहिली. सुरुवातीला ती ‘मोगल’ हा प्रकार खेळे. यात बर्फाच्या टेंगळांनी भरलेल्या उतारावरून उसळत खाली यायचे असते. त्याला नियमित स्पर्धा होत्या, प्रशिक्षक होते, चाकोरी ठरलेली होती.

पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तरुण स्कीपटूंना वेगळेच वेड लागले. एका रुंद फळीवर दोन्ही पाय बांधून घसरणारे स्नोबोर्डवाले हाफपाइपमध्ये ज्या कसरती करत, त्या आपण दोन स्कींवर का करू नयेत, असे त्यांना वाटू लागले. स्नोबोर्डचा हाफपाइप १९९८च्या नागानो हिवाळी ऑलिम्पिकमध्ये दाखल झालाही होता, आणि तोही पुरुष व महिला दोघांसाठी. स्कीवाल्यांचा हाफपाइप मात्र अजून हौशी पोरांचा उद्योग समजला जाई. त्यात मुली जवळजवळ नव्हत्याच.

सारा त्यात उतरली. स्पर्धेला नाव द्यायला गेली की उत्तर मिळे, मुलींचा गट नाही. यावर बहुतेक मुली घरी गेल्या असत्या. साराने मुलांच्या गटात नाव देण्याची परवानगी मागायला सुरुवात केली. कुठे नकार मिळे, कुठे होकार. होकार मिळाला की ती मुलांच्या रांगेत उभी राहून आपली पाळी घेई. क्रमांक कोणता आला यापेक्षा, आलेल्या प्रेक्षकांनी आणि पंचांनी एका मुलीला त्या भिंतीवरून उसळताना पाहिले, याला जास्त महत्त्व होते.

ती तेवढ्यावर थांबली नाही. आयोजकांना भेटणे, पत्रे लिहिणे, पुन्हा पुन्हा विचारणे हे तिने वर्षानुवर्षे चालू ठेवले. ‘मुलीच येत नाहीत, गट कसा ठेवायचा?’ असे आयोजक म्हणत. ‘गट नाही, तर मुली येणार कशा?’ असे तिचे म्हणणे. हे कोडे सुटावे म्हणून तिने दुसऱ्या बाजूनेही काम केले. व्हिसलर येथील उन्हाळी शिबिरांत ती मुलींना हा खेळ शिकवू लागली. ज्या मुली उद्या तिलाच हरवतील, त्यांना तिनेच तयार केले.

विजयांची रांग

२००१ साली अमेरिकेतील यूएस फ्रीस्कीइंग ओपन स्पर्धेत साराने हाफपाइपचे पहिले बक्षीस मिळवले. २००५ साली फिनलंडमधील रुका येथे भरलेल्या जागतिक स्पर्धेत हाफपाइपचा प्रथमच समावेश झाला आणि महिलांचे पहिले जगज्जेतेपद तिच्या नावावर लागले. ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या एक्स गेम्स या धाडसी खेळांच्या महोत्सवात तिने २००७, २००८, २००९ आणि २०११ अशी चार वेळा हाफपाइपची सुवर्णपदके जिंकली. २००७ सालीच या क्षेत्रातील सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून तिला ईएसपीवाय पुरस्कार मिळाला.

पदकांइतकीच मोलाची आणखी एक नोंद आहे. स्पर्धेत १०८० अंशांची, म्हणजे पूर्ण तीन गिरक्यांची उडी यशस्वीपणे टेकवणारी ती पहिली महिला ठरली. मुलींना हे जमायचे नाही, असे म्हणणाऱ्यांना याहून सोपे उत्तर काय असणार!

२००९चे वर्ष मात्र तिची परीक्षा पाहणारे ठरले. हाफपाइपखेरीज ‘स्लोपस्टाइल’ नावाचा एक प्रकार असतो. त्यात उतारावर लोखंडी कठडे आणि उड्यांसाठी उंचवटे असतात. एक्स गेम्समध्ये तो महिलांसाठीही असावा, म्हणून साराने खटपट केली होती. त्या वर्षी तो ठेवला गेला आणि त्याच स्पर्धेत पडून तिच्या कमरेजवळचा मणका मोडला. जो प्रकार आपण भांडून मिळवला, त्यानेच आपल्याला अंथरुणावर पाडले, याचे दुःख दुसऱ्या कोणी उगाळत बसले असते. सारा बरी झाली, पुन्हा उभी राहिली आणि २०११ साली तिने हाफपाइपचे सुवर्ण परत आणले. दरम्यान सप्टेंबर २०१०मध्ये तिचा विवाह झाला. पती रोरी बुशफील्ड हाही व्यावसायिक स्कीपटूच.

दारातले ऑलिम्पिक, बंद दार

२०१०चे हिवाळी ऑलिम्पिक भरले ते कॅनडातच, व्हँकुव्हर आणि व्हिसलर येथे. सारा राहत होती स्क्वामिशला. हे गाव या दोहोंच्या मधल्या रस्त्यावर. म्हणजे ऑलिम्पिकला जाणारी वाहतूक तिच्या गावावरून जात होती आणि आपल्या प्रकारातली जगज्जेती त्यात भाग घेऊ शकत नव्हती, कारण स्कीवरचा हाफपाइप ऑलिम्पिकमध्ये नव्हताच.

भारतीय वाचकाला हे दुःख नवे नाही. मेरी कोम २०१०पर्यंत पाच वेळा मुष्टियुद्धातील जगज्जेती झाली होती, पण महिलांचे मुष्टियुद्ध ऑलिम्पिकमध्ये आले ते २०१२ साली लंडनला. महिलांच्या कुस्तीला २००४पर्यंत थांबावे लागले. खेळाडूची उमेदीची वर्षे मोजकी असतात. समित्यांच्या बैठका मात्र सावकाश होत राहतात.

अखेर ६ एप्रिल २०११ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने निर्णय जाहीर केला. २०१४च्या रशियातील सोची ऑलिम्पिकमध्ये स्कीवरचा हाफपाइप पुरुष व महिला दोघांसाठी असेल. महिलांच्या स्की जंपिंगलाही त्याच निर्णयाने प्रवेश मिळाला. या खेळातल्या लोकांनी या यशाचे मोठे श्रेय साराला दिले. सोचीत सुवर्णपदकासाठी तिचेच नाव आघाडीवर घेतले जात होते. उरले होते अवघे तीन हिवाळे.

त्याच वर्षी तिने आणखी एक काम केले. फ्रान्सची मारी मार्तिनो ही तिची जुनी प्रतिस्पर्धी खेळातून निवृत्त होऊन संसारात रमली होती. तिला एक लहान मुलगीही होती. सारा तिला जाऊन भेटली आणि आता आपला खेळ ऑलिम्पिकमध्ये आला आहे, तू परत ये, असा आग्रह तिने धरला. एक तगडी प्रतिस्पर्धी आपणहून मैदानात बोलावून आणायची, याला मन मोठे लागते.

तो मंगळवार

१० जानेवारी २०१२. अमेरिकेच्या युटा राज्यातील पार्क सिटी येथे एका प्रायोजक कंपनीने ठेवलेल्या सरावात सारा हाफपाइपमध्ये उतरली होती. तिने घेतलेली उडी दीड गिरकीची, म्हणजे तिच्या दृष्टीने हातखंड्याची. डोक्यावर हेल्मेट होते. ती भिंतीवर टेकली, पण तोल जाऊन आपटली. वरवर पाहता फार भयंकर वाटावी अशी ती आपटी नव्हती. परंतु मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी एक रोहिणी त्या हिसक्याने फाटली, मेंदूत रक्तस्राव झाला आणि हृदय बंद पडले. जागेवरच प्राथमिक उपचार सुरू झाले, हेलिकॉप्टरने तिला सॉल्ट लेक सिटीच्या विद्यापीठ रुग्णालयात नेले, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. पण रक्त आणि प्राणवायू न पोहोचल्याने मेंदूची झालेली हानी भरून येण्यासारखी नव्हती. १९ जानेवारीला साराची प्राणज्योत मालवली. वय अवघे २९.

तिच्या इच्छेप्रमाणे तिचे अवयव दान करण्यात आले. अशी इच्छा घरच्यांना आधी सांगून ठेवलेली असली, म्हणजे त्या कठीण घडीला निर्णय घेणे किती सोपे होते, हे यातून शिकण्यासारखे आहे.

बिल कोणी भरायचे?

दुःखाचा भर ओसरण्याआधीच घरच्यांपुढे दुसरे संकट उभे राहिले. कॅनडात सरकारी आरोग्यसेवा आहे. तिथे सामान्य माणसाला रुग्णालयाच्या बिलाची धास्ती नसते. पण अपघात घडला होता अमेरिकेत. परदेशातल्या उपचारांचा फारच थोडा भाग कॅनडाची सरकारी योजना उचलते. राष्ट्रीय संघटनेचा विमा होता, पण तो संघटनेने मान्यता दिलेल्या स्पर्धा व सरावांपुरता. हा सराव होता खासगी प्रायोजकाचा. देशाला जगज्जेतेपद मिळवून देणारी खेळाडू नियमांच्या दोन कुंपणांच्या मधल्या जागेत पडली होती.

बिल साडेपाच लाख डॉलरपर्यंत जाईल, असा अंदाज आधी सांगितला गेला. मदतीचे आवाहन होताच जगभरातल्या क्रीडाप्रेमींनी काही दिवसांत तीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम जमा केली. प्रत्यक्षात खर्च सुमारे दोन लाख डॉलर येईल, असे पुढे सांगण्यात आले. त्या वेळच्या दराने तेही एक कोटी रुपयांच्या घरात जातात. बिलाचा प्रश्न सुटला आणि उरलेल्या पैशांतून साराच्या नावे काम उभे करायचे ठरले. तिच्या नावाच्या प्रतिष्ठानातर्फे होतकरू खेळाडूंना शिष्यवृत्ती दिली जाऊ लागली. पण विचार करा, सारा नामवंत होती म्हणून लोक धावून आले. नाव नसलेल्या एखाद्या मुलीचे काय झाले असते?

आता आपल्या घराकडे वळू. आपली मुले हाफपाइपमध्ये उतरत नसतील, पण स्केटिंगला जातात, कराटे शिकतात, शाळेच्या संघातून परगावी खेळायला जातात, मनालीच्या नाहीतर उत्तराखंडच्या शिबिरात जातात. गुलमर्ग आणि औलीला स्कीचे रीतसर शिक्षण मिळते. २०२० सालापासून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाही सुरू झाल्या. मनालीच्या आंचल ठाकूरने २०१८ साली तुर्कस्तानात स्कीमधले कांस्यपदक जिंकले, ते स्कीतील भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय पदक ठरले. अशा बातम्या वाचून उद्या एखादी मुलगी हट्ट धरेल आणि तिने तो धरावाच. मात्र परवानगीच्या कागदावर सही करण्याआधी आईवडिलांनी चार गोष्टी विचारून घ्याव्यात.

पहिली, शिबिर किंवा स्पर्धा कोणाची? संघटनेची, शाळेची की खासगी माणसाची? दुसरी, खेळाडूंचा अपघात विमा उतरवला आहे का, आणि तो सरावालाही लागू आहे की फक्त स्पर्धेच्या दिवसाला? तिसरी, आपल्या घरच्या विम्यात साहसी खेळ वगळले आहेत का? अनेक अपघात विम्यांच्या बारीक अक्षरांत हे कलम असते आणि प्रसंग आल्यावरच ते वाचले जाते. चौथी, जवळचे सुसज्ज रुग्णालय किती अंतरावर आहे आणि तिथे नेण्याची सोय काय? हे विचारण्यात संकोच कसला? मुलीच्या हौसेवर पाणी टाकण्यासाठी हे प्रश्न नाहीत, तिला निर्धास्तपणे खेळता यावे म्हणून आहेत.

सोचीची रात्र

२० फेब्रुवारी २०१४. सोचीच्या डोंगरात दिव्यांच्या झगझगाटात महिलांचा पहिला ऑलिम्पिक हाफपाइप सुरू झाला. हेल्मेटवर साराच्या नावाची खूण लावायला खेळाडूंना परवानगी मिळाली नाही. ऑलिम्पिक समितीने नियमांवर बोट ठेवले. पण खुणेची गरज तरी कोणाला होती? वर उभ्या असलेल्या बहुतेक मुली लहानपणी साराच्या चित्रफिती पाहून किंवा तिच्या हाताखाली शिकून तिथपर्यंत आल्या होत्या. कॅनडाच्या संघाचे प्रशिक्षक ट्रेनन पेंटर यांनी साराची रक्षा सोबत आणली होती. ती त्यांनी तिथल्या डोंगरावर आणि हाफपाइपमध्ये विखुरली. जिथे उतरायचे तिचे स्वप्न होते, त्या बर्फात ती अशी पोहोचली.

सुवर्णपदक अमेरिकेच्या मॅडी बोमनला मिळाले. कांस्य जपानच्या अयाना ओनोझुकाला. आणि रौप्य? ते मिळाले मारी मार्तिनोला. होय, जिला साराने घरी जाऊन परत बोलावले होते, तिलाच. २०१८ साली दक्षिण कोरियात मारीने पुन्हा रौप्यपदक जिंकले, तेव्हा सुवर्ण घेऊन गेली ती कॅनडाची कॅसी शार्प. २०२२ साली बीजिंगला चीनच्या आयलीन गूने सुवर्ण मिळवले आणि रौप्य व कांस्य ही दोन्ही पदके कॅनडाच्या कॅसी शार्प व रेचल कार्कर यांच्याकडे गेली.

ज्या स्पर्धांत एकेकाळी महिलांचा गटच नसे, तिथे आता देशोदेशींच्या मुली पात्रतेसाठी झगडतात. हाफपाइपला नाव नोंदवायला जाणाऱ्या आजच्या मुलीला ‘मुलींचा गट आहे का?’ असे विचारावे लागत नाही. तिला फक्त अर्ज भरावा लागतो.